दर दोन तासांनी कूस बदला! पॅरालिम्पिकचा जन्म ज्या वॉर्डात झाला, तिथल्या डॉक्टरची गोष्ट

पॅरालिम्पिक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? व्हीलचेअरवरून वाऱ्यासारखे धावणारे खेळाडू, भालाफेक, पोहण्याच्या शर्यती, गळ्यातली मेडल्स आणि मागे वाजणारं राष्ट्रगीत.

पण या स्पर्धेची सुरुवात मैदानावर झालेली नाही. ती झाली इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात. आणि त्या वॉर्डात सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं होतं, तर झोपून असलेल्या पेशंटला रात्रंदिवस, दर दोन तासांनी कुशीवर वळवणं.

ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं. पण या एका कामामुळे हजारो माणसं जगली. ते काम नियम म्हणून बसवणाऱ्या डॉक्टरचं नाव लुडविग गुटमन. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून पळालेला हा माणूस पुढे पॅरालिम्पिकचा जनक म्हणून ओळखला गेला.

खाणीतला तो कामगार

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ चा. गाव टोस्ट. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. कुटुंब ज्यू. हा सगळा भाग कोळशाच्या खाणींचा.

१९१७ साल. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि तरुण गुटमन जवळच्या अपघात रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करत होता. एक दिवस तिथे खाणीत जखमी झालेला एक धिप्पाड कामगार आला. पाठीचा कणा मोडला होता, कमरेखालचं शरीर पूर्ण लुळं पडलं होतं.

गुटमन त्याची नोंद सविस्तर लिहायला बसला. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की एवढं लिहीत बसू नकोस, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. त्या कामगाराला इतर पेशंटपासून बाजूला, पडद्याआड ठेवलं गेलं.

झालंही तसंच. साधारण पाच आठवड्यांत तो गेला. पण तो मोडलेल्या कण्याने गेला नाही. पाठीवर पडलेल्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला संसर्ग रक्तात पसरला आणि त्यात तो गेला.

काही आठवड्यांपूर्वीपर्यंत कोळसा फोडणारा माणूस अंथरुणावर पडल्या पडल्या सडत गेला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. हे चित्र गुटमन यांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

हिटलरच्या राज्यात

पुढे ते डॉक्टर झाले. १९२४ मध्ये पदवी मिळाली. ब्रेस्लाऊ शहरात ओटफ्रिड फोर्स्टर या नामांकित मेंदू-मज्जासंस्था तज्ज्ञाच्या हाताखाली तयार झाले. जर्मनीतल्या हुशार न्यूरोसर्जनमध्ये त्यांचं नाव घेतलं जायला लागलं.

१९३३ ला नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांचे दरवाजे बंद झाले. गुटमन ब्रेस्लाऊच्या ज्यू हॉस्पिटलमध्ये गेले. १९३७ मध्ये तिथले प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र. देशभर ज्यूंची दुकानं, घरं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली. हजारो पुरुषांना उचलून छळछावण्यांत नेलं जात होतं. गुटमन यांनी हॉस्पिटलमध्ये हुकूम दिला की आज जो कुणी दारात येईल त्याला काहीही न विचारता भरती करून घ्या.

त्या रात्री ६४ जण भरती झाले. दुसऱ्या दिवशी नाझी अधिकारी तपासणीला आले. गुटमन त्यांना घेऊन एकेका खाटेपाशी फिरले. बऱ्याच जणांना खरं तर काहीच झालेलं नव्हतं, पण प्रत्येकाला काही ना काही गंभीर आजार असल्याचं त्यांनी ठोकून दिलं. ६४ पैकी ६० जण वाचले.

आता पुढचा नंबर आपला आहे हे त्यांना कळत होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्रावर उपचार करायला नाझी सरकारनेच त्यांना लिस्बनला पाठवलं. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले. परदेशी विद्वानांना आसरा मिळवून देणाऱ्या तिथल्या एका संस्थेने त्यांच्या राहण्याची सोय केली. मार्च १९३९ मध्ये बायको एल्स, मुलगा डेनिस आणि मुलगी इव्हा यांच्यासह गुटमन ऑक्सफर्डला पोहोचले. महायुद्ध सुरू व्हायला सहा महिनेही उरले नव्हते.

कुणालाच नको असलेलं काम

ऑक्सफर्डमध्ये त्यांना बराच काळ संशोधनाचंच काम मिळालं. नामांकित सर्जनच्या हातून पेशंट सुटले होते आणि ते मनातून बेचैन होते.

१९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना विचारणा केली. युरोपात मोठी चढाई होणार होती. मणक्याला गोळ्या लागलेले सैनिक येणार हे उघड होतं. त्यांच्यासाठी स्टोक मँडेविल या गावातल्या हॉस्पिटलमध्ये वेगळा विभाग काढायचा होता.

या कामाला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. कारण साधं होतं, हे पेशंट मरायचेच. पहिल्या महायुद्धात मणक्याची अशी दुखापत झालेल्या सैनिकांपैकी साधारण ८० टक्के सैनिक पुढच्या दोन-तीन वर्षांत दगावले होते. डॉक्टरांच्या लेखी ही हरलेली लढाई होती.

गुटमन यांनी होकार दिला, पण अट घातली. विभाग आपल्या पद्धतीने चालेल, वरून कुणी ढवळाढवळ करायची नाही. १ फेब्रुवारी १९४४ ला विभाग सुरू झाला. खाटा साधारण दोन डझन आणि पेशंट फक्त एक.

माणूस नेमका कशाने मरत होता?

इथे थोडं थांबून शरीराचं गणित समजून घ्यायला हवं.

धडधाकट माणूस झोपेतसुद्धा सतत हालचाल करतो. एक बाजू दुखायला लागली की नकळत कूस बदलतो. हे आपोआप होतं, कारण कातडी मेंदूला सांगते की इथे दाब पडतोय.

मणक्यातली मज्जारज्जू तुटली की हा निरोपच पोहोचत नाही. पेशंट तासन्‌तास एकाच जागेवर पडून राहतो. माकडहाड, नितंब, टाचा अशा जिथे हाड कातडीच्या जवळ असतं तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त मिळत नाही म्हणून कातडी आणि आतलं मांस मरायला लागतं. आधी लाल डाग, मग फोड, मग जखम, आणि कधी कधी थेट हाडापर्यंत खड्डा. हॉस्पिटलच्या भाषेत यालाच बेडसोर म्हणतात. दुखत नसल्याने पेशंटला पत्ताही नसतो.

दुसरं संकट लघवीचं. मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही. लघवी साचते, जंतू वाढतात, संसर्ग किडनीपर्यंत जातो.

आणि त्या काळचे उपचार काय होते? अनेकांना धडभर प्लास्टरमध्ये घालून आडवं ठेवलं जायचं, वेदना आणि अस्वस्थतेसाठी गुंगीची औषधं दिली जायची. म्हणजे जो माणूस हलू शकत नसल्यामुळे मरत होता, त्याला उपचार म्हणून आणखी न हलणारा केला जात होता. स्टोक मँडेविलला आलेल्या काही सैनिकांची प्लास्टरं काढली तर खाली मोठाल्या कुजलेल्या जखमा निघाल्या.

घड्याळाच्या काट्यावर चालणारा वॉर्ड

गुटमन यांनी पहिलं काम केलं ते प्लास्टर काढून टाकण्याचं. गुंगीची औषधं कमी केली. आणि नियम लावला की प्रत्येक पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा, रात्री, सणासुदीला, कधीही. त्यात सूट नाही.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. कणा मोडलेल्या माणसाला एकट्याने ओढून वळवता येत नाही. मान, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, एका रेषेत फिरवावे लागतात, नाहीतर कण्याला पीळ पडून आणखी इजा होते. म्हणून तीन-चार जणांनी एकत्र उचलायचं, एकाने इशारा द्यायचा, सगळ्यांनी एकदम फिरवायचं. मग हाडांच्या जागा अधांतरी राहतील अशा बेताने उशा लावायच्या. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. प्रत्येक वेळी कातडी बघायची. लाल दिसलं तर त्या बाजूवर परत झोपवायचं नाही.

हे सगळं नर्स आणि वॉर्डातल्या मदतनिसांनी केलं. गुटमन यांनी नियम लावला, पण रात्री तीन वाजता थंडीत खाटेपाशी उभे राहणारे हात त्यांचे होते. गुटमन स्वतःही अचानक रात्री वॉर्डात यायचे. पेशंट वळवलेत की नाही ते बघायचे, गरज पडली तर बाह्या सरसावून हात लावायचे. चूक सापडली तर ओरडायचे. त्यांच्या धाकाचे किस्से तिथे बरेच झाले. पण पेशंट त्यांना प्रेमाने पॉपा म्हणायचे.

लघवीच्या नळीबाबतही तोच काटेकोरपणा. नळी घालताना जंतू आत जाणार नाहीत यासाठी ठरलेली पद्धत, ठरलेल्या वेळा. हे काम कनिष्ठांवर ढकलायचं नाही, डॉक्टरांनी जबाबदारीने करायचं, असा त्यांचा दंडक होता.

हळूहळू फरक दिसू लागला. जुन्या जखमा भरायला लागल्या, नव्या होईनाशा झाल्या. मरायला आलेली माणसं मरत नव्हती.

जगला, आता पुढे काय?

इथे दुसरा प्रश्न उभा राहिला. पेशंट जिवंत राहिला, पण आयुष्यभर छताकडे बघत पडायचं असेल तर त्या जगण्याला काय अर्थ?

गुटमन यांचं म्हणणं होतं की पेशंट उठला पाहिजे, बसला पाहिजे, कामाला लागला पाहिजे, कर भरणारा नागरिक झाला पाहिजे.

पण लुळ्या माणसाला बसवणं म्हणजे नुसतं उचलून खुर्चीत ठेवणं नसतं. कमरेखाली संवेदना नसल्याने तोल सांभाळता येत नाही, माणूस सरळ कलंडतो. बरेच दिवस आडवं राहिल्यावर एकदम उठवलं तर रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पायरी पायरीने जायचं. आधी उशी उंच, मग खाटेच्या कडेला बसणं, मग आरशासमोर बसून तोल सांभाळायचा सराव. शरीर सांगत नाही ते आरशात बघून शिकायचं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर न पडता कसं जायचं, याचाही सराव.

खुर्चीत बसल्यावरही कूस बदलण्याचा नियम सुटत नव्हता. दोन्ही हात खुर्चीवर रोवून अंग थोडा वेळ वर उचलायचं, म्हणजे नितंबांवरचा दाब सुटतो. आधी नर्स जे करत होती, ते आता पेशंटने स्वतः करायचं. यासाठी लागतात दणकट खांदे आणि मजबूत दंड.

आणि इथूनच खेळ आला.

धनुष्यबाण घेतलेले पेशंट

नुसता व्यायाम कंटाळवाणा होतो. खेळात माणूस व्यायाम करतोय हे विसरतो. वॉर्डात व्हीलचेअरवर बसून काठीने खेळायचा पोलोसारखा खेळ सुरू झाला. तो जरा जास्तच धोकादायक ठरला आणि त्याची जागा पुढे इतर खेळांनी घेतली. धनुर्विद्या मात्र फार उपयोगी पडली. धनुष्य ताणताना खांदे, दंड आणि पाठ कामाला लागते, शिवाय तोल सांभाळावा लागतो. वर एक गंमत अशी की या खेळात व्हीलचेअरवरचा माणूस धडधाकट माणसाशी बरोबरीने लढू शकतो.

२९ जुलै १९४८. लंडनमध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं. नेमक्या त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर धनुर्विद्येची एक छोटीशी स्पर्धा झाली. खेळाडू होते १६ जण, १४ पुरुष आणि २ महिला. सगळे युद्धात जायबंदी झालेले.

वर्तमानपत्रांचं लक्ष अर्थातच ऑलिम्पिककडे होतं. पण गुटमन यांनी ही स्पर्धा दरवर्षी भरवली. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे खेळाडू आले आणि ती आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोमला, ऑलिम्पिक संपल्यावर त्याच शहरात, २३ देशांचे ४०० खेळाडू जमले. आज हीच पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. तिथल्या क्रीडाग्रामात जिने होते, त्यामुळे व्हीलचेअरसकट खेळाडूंना उचलून न्यायला इटलीचे जवान लागले. जग अजून या माणसांसाठी तयार नव्हतं, हे त्या जिन्यांनी दाखवून दिलं.

१९६६ मध्ये ब्रिटनने त्यांना सर ही पदवी दिली. २७ वर्षांपूर्वी निर्वासित म्हणून आलेला माणूस सर लुडविग झाला.

सांगलीचा जवान आणि हायडेलबर्ग

या गोष्टीचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो.

१९७२ ची स्पर्धा जर्मनीतल्या हायडेलबर्गला झाली. ज्या देशातून गुटमन यांना पळावं लागलं, त्याच देशात त्यांची स्पर्धा भरली. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताच्या एका जवानाने ३७.३३ सेकंदांची वेळ देत विश्वविक्रम केला आणि सुवर्णपदक जिंकलं. त्यांचं नाव मुरलीकांत पेटकर, गाव सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली लुळे पडले होते. आधी बॉक्सर असलेले पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि पॅरालिम्पिकमध्ये भारताचं पहिलं सुवर्णपदक घेऊन आले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये त्यांच्यावरचा चंदू चॅम्पियन हा सिनेमा आला.

मणक्याची दुखापत झालेल्या जवानांसाठी १९७४ मध्ये पुण्याच्या खडकीत पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झालं. काळजी, व्यायाम, काम आणि खेळ हीच वाट तिथेही आहे.

सगळं श्रेय एकट्याचं का?

नाही. अमेरिकेत बोस्टनला डोनाल्ड मन्रो या डॉक्टरने १९३० च्या दशकातच मणक्याच्या पेशंटची अशी शिस्तीत काळजी घ्यायला सुरुवात केली होती. शिवाय गुटमन यांच्या वॉर्डाच्या सुरुवातीच्याच काळात पेनिसिलिन आलं आणि संसर्गाशी लढणं सोपं झालं.

गुटमन हट्टीही होते. त्यांची स्पर्धा बरीच वर्षं फक्त मणक्याच्या पेशंटपुरती राहिली. हात-पाय गमावलेल्या आणि अंध खेळाडूंना १९७६ च्या टोरांटो स्पर्धेत पहिल्यांदा जागा मिळाली.

तरीही एक गोष्ट त्यांच्याइतक्या ठामपणे फार कमी लोकांनी मांडली. कूस बदलणं, कातडी बघणं, नळी स्वच्छ ठेवणं, न पडता बसवणं ही दुय्यम कामं नाहीत, हाच उपचार आहे. ऑपरेशन कितीही चांगलं झालं, तरी वॉर्डात रात्री कुणी फिरकलं नाही तर पेशंट हातचा जातो.

आजही घरोघरी तेच

१८ मार्च १९८० ला हृदयविकाराने गुटमन यांचं निधन झालं. पॅरालिम्पिक आज हजारो खेळाडूंची झाली आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकची ज्योत स्टोक मँडेविललाच पेटवली गेली.

पण त्यांचा खरा वारसा घरोघरी आहे. पॅरालिसिस झालेले वडील, खुब्याचं हाड मोडलेली आजी, आयसीयूतून घरी आलेला भाऊ. अशा प्रत्येक खाटेपाशी तोच नियम लागू होतो.

आता डॉक्टर सांगतात की दोन तास हा सगळ्यांसाठी दगडावरची रेघ नाही. पेशंटची कातडी, वजन, तब्येत आणि गादी बघून वेळ कमी-जास्त ठरवतात. पण तत्त्व तेच आहे:

- पेशंटला ओढायचं नाही, चादरीसकट उचलून सरकवायचं. ओढल्याने कातडी सोलली जाते.
- टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली उशी द्यायची.
- दाबल्यावरही न जाणारा लाल डाग म्हणजे धोक्याची घंटा. तिथे मालिश करायची नाही, नर्सला किंवा डॉक्टरला दाखवायचं.
- उठवताना आधी कडेला बसवायचं, चक्कर येत नाही ना हे बघायचं, मगच उभं करायचं.
- व्हीलचेअरचे ब्रेक लावल्याशिवाय बसवायचं किंवा उठवायचं नाही.
- मणक्याची ताजी दुखापत असेल तर कसं वळवायचं हे आधी हॉस्पिटलमधूनच शिकून घ्यायचं.

यातल्या कुठल्याच कामाला मेडल मिळत नाही. रात्री तीनचा गजर लावून उठणारी सून, मुलगा किंवा केअरटेकर मावशी यांचं कुणी कौतुकही करत नाही. पण १९१७ साली पडद्याआड पडलेल्या त्या खाण कामगाराला दर दोन तासांनी वळवणारं कुणी असतं, तर तो कदाचित पाच आठवड्यांत गेला नसता.